सांधलेली पावलं

“वेस ओलांडली काय मागे वळान बघूचा नाय, बाय. तीन दिस गाव आपलो नसता. थय काय चलता ता आपण इचारूचा नाय.”

आई हे दर खेपेला सांगायची आणि कालिंदी दर खेपेला मान डोलवायची. तिच्या दोन्ही हातांत कोंबड्यांची टोपली असायची. आत कोंबड्या एकमेकींच्या अंगावर चढून कुरकुरत असायच्या. पुढे आई, डोक्यावर तांदळाचं गाठोडं घेऊन. आईचा डावा पाय आखूड होता. उजवा जमिनीवर भक्कम पडायचा आणि डावा मागून यायचा, जेवणावळीला उशिरा आलेल्या पाहुण्यासारखा, हलकेच. मागे वळायचं नाही म्हणून कालिंदी खाली मान घालून चालायची आणि धुळीतली आईची पावलं बघायची. एक खोल, एक उथळ.

ही करंजथरची गावपळण. काही वर्षांनी एकदा मार्गशीर्षात रवळनाथाला कौल लावतात. देवाच्या अंगावर फुलाच्या पाकळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं आणि वाट पाहायची. उजवी पाकळी पडली की गाव उठतं. माणसं, गुरं, कुत्री, कोंबड्या, सगळी वेशीबाहेरच्या माळावर झोपड्या घालून राहतात. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांनाही डोलीत घालून नेतात. चुली विझवायच्या, दारं लोटून घ्यायची. तीन दिवस, तीन रात्री गावात पाऊल वाजता कामा नये. कशासाठी, असं विचारलं तर कुणी म्हणायचं देवाला गाव मोकळं हवं असतं, कुणी म्हणायचं पूर्वजांना. आई म्हणायची, गावाकसुद्धा दम खावक नको?

आई गेल्या माघात गेली. आणि या मार्गशीर्षात, जिल्ह्याच्या गावी भाड्याच्या खोलीत कालिंदी तुळशीला पाणी घालून देवापुढे दिवा लावत होती, तेवढ्यात भिवाकाकांचा फोन आला. भिवाकाका म्हणजे तिच्या वडिलांचे धाकटे भाऊ. करंजथरचं घाडीपण, म्हणजे देवाला गाऱ्हाणं घालायचा मान, आता त्यांच्याकडे होता.

“कौल झालो,” काका म्हणाले. “सोमवारी पळण.”

दिवा लावून होईपर्यंत बोलायचं नाही असा कालिंदीचा नेम होता. तिनं वात सारखी केली, हात जोडले आणि मगच फोन कानाला नीट धरला.

“काका, ह्यो सोमवार? एक आठवडो पुढे ढकलूक नाय येवचा?”

“कशाक?”

“निश्चितीचो आठवडो असा. ह्या आठवड्यात गाव मोजतत.”

काका म्हणाले, “मगे असा कर, तुझ्या सायबाचो अर्ज आण. शिक्को मारून. देवासमोर ठेवतंय. बघूया देव आवक नंबर घालता काय ता.”

कालिंदीला हसू आलं, पण ते ओठांपर्यंत पोचलं नाही. कारण ती जिथे काम करत होती, त्या जिल्हा लोकसंख्या कक्षात या आठवड्याला सगळे टरकून असायचे.

पूर्वी दहा वर्षांनी एकदा शिरगणती व्हायची. घरोघर माणूस यायचा, पाटी मांडीवर घेऊन विचारायचा, किती जण राहता. लोक मुंबईच्या मुलाचंही नाव घालायचे, गोव्यात नांदणाऱ्या मुलीचंही. कागदावर वाड्या भरलेल्या आणि प्रत्यक्षात दारांना कुलपं. शाळा, दवाखाने, एसटीच्या फेऱ्या कागदावरच्या माणसांसाठी जायच्या आणि खऱ्या माणसांना पुरत नसत. मग पाऊलगणना आली.

तिचं तत्त्व साधं होतं, आणि समजलं की जरा अंगावर काटा आणणारं. गावोगाव इंटरनेटसाठी काचतंतूची केबल आधीच पुरलेली होती. त्या तंतूतून प्रकाशाचा ठोका सोडला की तो पुढे धावतो, पण काच कितीही शुद्ध केली तरी तिच्यात सूक्ष्म दोष राहतातच. त्या दोषांवर आपटून प्रकाशाचा थोडासा अंश मागे फिरतो. आता वरच्या जमिनीवर कुणी पाऊल टाकलं, तर माती दबते, तंतू केसाच्या हजाराव्या भागाइतका ताणला जातो आणि मागे फिरणारा प्रकाश तेवढ्यापुरता बदलतो. म्हणजे मैलच्या मैल पसरलेली केबल हीच एक कान होऊन बसते. तिला चालणाऱ्याचं तोंड दिसत नाही, आवाज ऐकू येत नाही. पण प्रत्येक माणसाचं चालणं वेगळं असतं. कुणाची टाच आधी पडते, कुणी चवडे घासत जातो, कुणाला उजव्या अंगावर भार टाकायची सवय. यंत्र या चाली ओळखायला शिकलं. नाव नाही, गाव नाही, जात नाही. नुसती एक चाल. जितक्या चाली, तितकी माणसं.

कालिंदीला ते पहिल्यापासून आवडलं होतं. माणूस मोजावा तर असा, असं तिला वाटायचं. ना कुणाला खोटं बोलायला लावायचं, ना कुणाच्या घरात डोकवायचं. कक्षात तिची बदली झाली त्याच वर्षी दूरदूरच्या वाड्यांना परिचारिका मिळाल्या, कारण तिथे खरंच माणसं आहेत हे पहिल्यांदाच कळलं.

नियम मात्र कडक होते. वर्षातून एका आठवड्याची सरासरी काढायची, तीच पुढच्या वर्षाची लोकसंख्या. गावच्या हद्दीत वाजलेलं पाऊल तेवढं धरायचं. ठरलेल्या रेषेखाली गेलं तर ते गाव शेजारच्या गावात विलीन. विलीन झालं की त्याचं आरोग्य उपकेंद्र बंद, एसटीची फेरी बंद. करंजथर त्या रेषेच्या अगदी कडेला येऊन थांबलं होतं. दोन कुटुंबं गोव्याला गेली होती, आणि आई गेली होती. सात दिवसांतले तीन दिवस गाव शून्य झालं, तर सरासरी रेषेखाली जाणार हे सांगायला यंत्राची गरज नव्हती.

आणि उपकेंद्र बंद झालं, तर काकीच्या पायाची जखम कोण बघणार होतं? साखरेनं चिघळलेली ती जखम उपकेंद्रातली परिचारिका दिवसाआड धुऊन बांधायची. तालुक्याला जायचं तर दोन गाड्या बदलाव्या लागत.

“काका,” ती म्हणाली, “काकीच्या पायाचो तरी इचार करा.”

“केलंय. देवासमोर पयला गाऱ्हाणा तेचाच घातलंय.” काकांचा आवाज मऊ झाला. “पण कौल झालो गो. आता मी नको म्हणून सांगलंय, तर उद्यापासून माझा गाऱ्हाणा कोण ऐकतलो?”

*

सोमवारी कालिंदी कक्षात आली आणि करंजथर सोडून सगळा जिल्हा तपासत बसली. आईनं सांगितलं होतं, बघायचं नाही. आईला तेव्हा काय ठाऊक, की आपली मुलगी एक दिवस वेशीपासून कितीतरी दूर बसूनही गावात बघू शकेल. पण सांगणं ते सांगणं. दुपारपर्यंत तिनं ते पाळलं.

दुपारी कक्षप्रमुख मोकाशी चहाचा कप घेऊन तिच्या टेबलाशी आले. निवृत्तीला आलेले, सावकाश बोलणारे गृहस्थ. करंजथर तिचं गाव, हे त्यांना माहीत होतं.

“घाडी मॅडम, तुमचं गाव पाहिलंत का? मला काळजी होती. पण व्यवस्थित आहे.”

“व्यवस्थित म्हणजे?”

“म्हणजे रेषेच्या वर आहे. थोडंसंच, पण आहे.”

कालिंदी त्यांच्याकडे बघतच राहिली. ते गेल्यावर तिनं मनात रवळनाथाची क्षमा मागितली आणि पडद्यावर करंजथर उघडलं.

गाव चालत होतं. देवळाकडून तिठ्याकडे पावलं जात होती. शाळेच्या पटांगणात भराभरा, हलकी पावलं पळत होती. उपकेंद्राच्या पायरीशी कुणीतरी थांबलं होतं, पाय बदलत. तिनं लगेच काकांना फोन लावला.

“काका, गावात कोण मागे रवला हा?”

“येडी काय तू? कुत्रोसुद्धा नाय. मी स्वतः शेवटाक भायर पडलंय. आणि तू कशाक इचारतंस?”

तिनं काहीतरी थातुरमातुर सांगितलं आणि फोन ठेवला. मग खुर्ची पुढे ओढून ती ठिपके एकेक करून निरखू लागली, आणि तिच्या लक्षात आलं. सगळ्या ठिपक्यांचा हिरवा रंग किंचित फिकट होता.

ही सांधणी होती. रस्त्याच्या कामात जेसीबी केबल तोडायचे, तेव्हा गावंच्या गावं एकदम मुकी व्हायची. तेवढ्यावरून माणसं नाहीत असं म्हणता येत नाही. म्हणून यंत्राला एक सोय करून दिली होती. एखादं गाव एका दमात जवळजवळ गप्प झालं, तर केबल तुटली असं समजायचं, आणि आधीच्या वर्षांत याच दिवसांत जे चालणं ऐकलं होतं, त्यावरून मधली फट भरून काढायची. फाटलेलं लुगडं दंड घालून सांधावं तशी. माणसं एकेक करून जातात, एकेक करून मरतात. पाच मिनिटांत अख्खं गाव, गुराढोरांसकट, कुत्र्यामांजरांसकट नाहीसं होत नाही, असं यंत्र बनवणाऱ्यांनी धरून चाललं होतं. त्यांनी गावपळण कधी ऐकलीच नव्हती.

म्हणजे करंजथर वाचलं होतं. देवानंच वाचवलं म्हणायचं. तिनं डोळे मिटले, आणि उघडले तेव्हा तिच्या घराच्या मागच्या दारातून एक चाल बाहेर पडत होती.

उजवं पाऊल भक्कम. डावं मागून, हलकेच.

ती चाल विहिरीपर्यंत गेली. थांबली. रहाट ओढायला लागतो तेवढा वेळ थांबली. परत निघाली तेव्हा उजव्या पायावर जास्त भार होता, कारण कमरेवर कळशी असणार. तुळशीपाशी आली. तुळशीभोवती फिरली. हळू, कारण वळताना डावा पाय तिला नेहमी त्रास द्यायचा.

यंत्राला आई ठाऊक नव्हती. त्याच्या लेखी ती एक चाल होती, मागच्या सगळ्या मार्गशीर्षांत ऐकलेली. ती माघात थांबली, हे त्यानं सांधताना बघितलंच नव्हतं.

कालिंदी त्या दिवशी डबा उघडायला विसरली. दुसऱ्या दिवशी आणि तिसऱ्या दिवशीही कक्ष उघडण्याआधीच येऊन ती बसली. आई सकाळी गोठ्यात जायची, दुपारी देवळात. संध्याकाळी शेजारच्या काकीकडे जाऊन बराच वेळ एका जागी असायची, म्हणजे दोघी तांदूळ निवडत असणार. एकदा ती चाल रस्त्याच्या मधोमध अचानक थांबली आणि वळली. काहीतरी विसरली असेल. कालिंदीच्या तोंडून आपसूक निघून गेलं, “काय विसरलंस गो?” शेजारच्या टेबलावरच्या लिपिकानं वर पाहिलं. ती पडद्याकडे बघत राहिली. नेम मोडतोय हे तिला कळत होतं, आणि तरी मान वळत नव्हती.

*

गुरुवारी गाव परत आलं. ठिपके गडद हिरवे झाले आणि ती चाल गेली. काकांचा फोन आला. मागून गुरांचा, भांड्यांचा, पोरांचा कल्ला ऐकू येत होता.

“काय गो, गाव रवलो मां आमचो?”

“रवलो.”

“बघ. देवाक आवक नंबर लागणा नाय.”

मग तिला राहवलं नाही. तिनं सगळं सांगितलं. सांधणी म्हणजे काय ते, आणि आई कशी विहिरीवर गेली ते. काका बहुतेक अंगणातून कुठेतरी बाजूला गेले, कारण कल्ला कमी झाला.

“तू बघलंस,” ते म्हणाले. विचारलं नव्हतं, नुसतं म्हणाले.

“होय.”

“बघूचा नाय म्हणान सांगलेला तुका.”

“होय, काका.”

मग त्यांनी अगदी हळू विचारलं, “कशी चलत होती?”

“होती तशीच.”

“वयनी,” काका म्हणाले.

*

त्या संध्याकाळी देवापुढे बसली असताना कालिंदीच्या मनात एक विचार आला, आणि तो जपाच्या माळेत अडकलेल्या धाग्यासारखा पुढे सरकेना. करंजथरची माणसं तीन दिवसांनी परत आली. पण एखादं गाव उठलं आणि परत आलंच नाही, तर? यंत्र काय करत राहील?

शुक्रवारी तिनं जिल्ह्यातली सांधलेली गावं काढली. बहुतेक ठिकाणी रस्त्याची कामं चालू होती, दोन-चार दिवसांच्या फटी. एकच जागा वेगळी होती. घाटाच्या कुशीतली खडपवाडी, धनगरांची. तिथली पावलं गेल्या श्रावणापासून फिकट होती. दुरुस्तीवाल्यांनी तपासून कळवलं होतं, केबल शाबूत आहे. ते कुणी वाचलं नव्हतं, कारण पडद्यावर वाडी छान चालत होती. सणासुदीला जास्त, कापणीला कमी, अगदी असायला हवी तशी.

श्रावणात तिथल्या डोंगराला भेगा पडल्या होत्या. दरडीच्या भीतीनं वाडी एका सकाळी खाली उतरली होती. उतरली ती तिकडचीच झाली. तिनं जुन्या शिरगणतीत लिहिलेले वाडीतल्या माणसांचे नंबर एकेक करून लावले. बंद, बंद, अस्तित्वात नाही. शेवटचा वाजला आणि खूप वेळानं कुणीतरी उचलला.

“कोन?”

“मी जिल्ह्याच्या ऑफिसातून बोलते. कोण बोलतंय?”

“ठकू झोरे. कसलं आपीस? लायटीचं?”

“नाही आजी, माणसं मोजायचं. तुमच्या वाडीत आता किती जण राहतात?”

“माणसं?” म्हातारी खोकली. “मी हाय. एक शेळी हाय. शेळी मोजताव काय?”

“बाकीचे?”

“समदी गेली खाली. मला म्हनली चल. मी म्हनलं, माझा धनी हितं पुरलाय, मी न्हाय येत. मंग आल्ते दोनदा तांदूळ घिऊन. आता न्हाय येत कोन.”

“पण आमच्याकडं तर दिसतंय...” कालिंदी थांबली. काय दिसतंय ते कसं सांगावं, तिला कळेना. “आमच्या यंत्रात दिसतंय की वाडीत माणसं आहेत. तुमच्या शेजारच्या घरातसुद्धा.”

“शेजारी? रखमा? माझी जाऊ?”

“असेल.”

“मंग तिला म्हनावं, माझा तवा न्हेलाय तो आनून दे. सरावनापासनं खापरावर भाकरी भाजतीय मी.” ती हसायला लागली आणि हसता हसता पुन्हा खोकली. खोकला थांबेपर्यंत कालिंदी फोन धरून राहिली.

“तुम्ही चालता ना, आजी? बाहेर जाता?”

“पाय सुजल्यात. चवदा दिस झालं का पंधरा, काय ठावं. बसून सरकती. दारापतुर.”

“परिचारिका येत नाही?”

“कशाला यील? तिला तुझ्या यंत्रानं सांगितलं आसंल ना, रखमा हाय हिला बगाया म्हून.”

कालिंदीनं गाड्यांचं वेळापत्रक पुढे ओढलं. ती म्हणाली, “आजी, मी येते.”

“कवा?”

“रविवारी सकाळी. पहिल्या गाडीनं.”

“समदी म्हनत्यात येतो,” ठकूबाई म्हणाली. रागानं नव्हे, नुसती माहिती दिल्यासारखी. “बरं. यी.”

*

मोकाशींनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“खडपवाडीची सांधणी काढून टाका. प्रश्न नाही.”

“साहेब, नुसती खडपवाडीची निघत नाही. सांधणी चुकते असा आक्षेप लावला, तर सगळ्या जिल्ह्याची काढावी लागते. तसा नियम आहे.”

“म्हणजे करंजथरचीही.”

“होय.”

मोकाशी खिडकीबाहेर बघत राहिले. “उद्या आक्षेपांची मुदत संपते. सोमवारी सही होईल. त्यानंतर वर्षभर काही बदलता येणार नाही. तुम्ही असं करा मॅडम, त्या म्हातारीला भेटून या. औषध द्या, तांदूळ द्या. मीही काही देईन. हा आक्षेप राहू द्या. कुणाचं नुकसान आहे? तुमच्या गावात माणसं खरीच आहेत की. खोटं कुठाय त्यात?”

“तीन दिवस नव्हती.”

“तीन दिवसांसाठी गावाचा जीव घ्यायचा?”

“करंजथरला आपण सूट मागू शकतो का, साहेब? गावपळणीची?”

“मागू. पुढच्या वर्षी.” त्यांनी चष्मा पुन्हा चढवला. “नियम लिहिताना कुणाच्या डोक्यात ती नव्हती. मी नियम बनवत नाही, मॅडम. आणखी एक लक्षात घ्या. सांधणी काढलीत की खडपवाडी शून्य दिसणार. तुमची ती म्हातारी चालतच नाही ना? मग यंत्राच्या लेखी तीही नाही. वाडी निर्मनुष्य ठरणार आणि पुढच्या आठवड्यात वीजजोड कापायला माणसं जाणार.”

“शून्य दिसलेल्या जागेची प्रत्यक्ष पाहणी करता येते. कुणी जाऊन पाहिलं, तर माणूस धरावा लागतो, आणि एकटा असला तर परिचारिका त्याच्या दारी पाठवावी लागते.”

“ती सोय शून्यापुरती आहे. करंजथर शून्य नाही, नुसतं कमी आहे. त्याला ती लागू नाही.”

“ठाऊक आहे, साहेब.”

“मग?”

कालिंदी खुर्चीतून उठली. मोकाशींनी मान हलवली. त्या हलवण्यात होकार होता की नकार, ते तिला कळलं नाही. बहुतेक त्यांनाही कळलं नसावं.

काकांना सांगणं त्याहून कठीण गेलं. तिचं बोलून झाल्यावर ते म्हणाले, “तुका ह्या गावान वाढवल्यान.”

“होय, काका.”

“तुझ्या आवशीची चिता ह्याच गावात पेटली.”

“होय.”

“आणि तू त्या खडपातल्या कोण म्हातारीसाठी आमका पुसून टाकतलंस? काकीच्या पायाचा कोण बघतला? सांग माका.”

“माका ठावक नाय,” कालिंदी म्हणाली. तिनं देव्हाऱ्याच्या कडेला हात टेकला. “पण काका, तिका सुजलेल्या पायान दारापर्यंत सरकताना कोण बघता? तिच्या शेजाराक मशिनीन माणसा उभी केल्यान, म्हणान कोण जायत नाय. आमची आय चलताना दिसली तशीच ती माणसा. हत, पण नाय हत.”

काकांनी फोन ठेवला.

शनिवारी दुपारी तिनं आक्षेप दाखल केला. यंत्रानं विचारलं, खात्री आहे का. तिनं होय म्हटलं. आधी खडपवाडी विझली. फिकट ठिपके एकामागून एक गेले आणि डोंगराची कूस काळी झाली, तिथे ठकूबाई आहे असं कुठलीच खूण सांगत नव्हती. मग जिल्हाभरच्या बारीकसारीक फटी उघड्या पडल्या. शेवटी करंजथरचा सोमवार ते बुधवार. कालिंदीनं ठरवलं होतं की बघायचं नाही. पण ती बघत राहिली. विहिरीवरून घराकडे येणारी ती चाल तुळशीच्या जरा अलीकडे होती, तिथेच गेली. सरासरीचा आकडा बदलला. करंजथरच्या नावापुढे लाल खूण आली.

मोकाशी त्यांच्या खोलीतून बाहेर आले नाहीत. लिपिकानं विचारलं, “मॅडम, चहा सांगू?” ती नको म्हणाली.

*

रविवारी पहाटे तिनं दिवा लावला तेव्हा फोन वाजला. नेमाप्रमाणे तिनं आधी वात सारखी केली. फोनवर काकी होती.

“तो रागावलो हा,” काकी म्हणाली. “रागावांदे. रात्री जेवाक नाय.”

“काकी, तुझो पाय...”

“पाय माझो असा. माका दुखता, तुका नाय.” काकीचा आवाज कोरडा होता, आणि मग तो तसा राहिला नाही. “तू जातंस मां वर?”

“होय.”

“थंडी असतली. शाल घे. आणि त्या बायचे पाय गरम पाण्यान शेकू नको, सूज वाढता. मीठ घाल आणि कोमट कर. नर्स माका तसाच करी.”

‘करता’ म्हणायचं ते काकी ‘करी’, म्हणजे ‘करायची’, म्हणाली, हे कालिंदीला ऐकू आलं. मग काकीनंच फोन ठेवला.

तिनं पिशवीत तांदूळ, मीठ, औषधं आणि पाहणीचा कागद घातला. शाल घेतली. पहिल्या गाडीत तिच्याखेरीज चारदोन माणसंच होती. घाटाच्या पायथ्याशी, जिथे डांबर संपतं, तिथे तिनं घंटी मारायला सांगितली. कंडक्टर दारापर्यंत आला.

“वर खय चललात, बाई? वर कोण रवणा नाय आता.”

“ठकूबाई झोरे राहतात.”

“ती म्हातारी? ती असा अजून?”

“आहे. मी येते म्हणून सांगितलंय त्यांना.”

गाडी वळली आणि आवाज दूर गेला. पायवाटेच्या कडेनं केबलच्या खुणेचे पिवळे दगड डोंगरात वर वर गेले होते, काही गवतात बुडालेले. कालिंदीनं पिशवी खांद्यावर घेतली, पदर खोचला आणि पहिल्या दगडाजवळून चढायला सुरुवात केली.